एका महिन्याचे तीन महिने झाले: संसदेच्या समितीकडे निवेदन पाठवण्याचा अनुभव

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केला की एका महिन्यात ते मिळालं पाहिजे, असं २०१७ च्या केंद्रीय नियमांत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते नियम दुरुस्त झाले आणि एका महिन्याचे तीन महिने झाले. संसदेत त्यावर चर्चा झाल्याचं कुणी ऐकलं नाही, कारण कायदा संसद करते आणि त्याखालचे नियम खातं करतं. संसद नियम तपासते ती नंतर. पण त्या तपासणीलाही मुदत असते, ती मोजता येते, आणि ती संपायच्या आत तुमच्या-माझ्यासारख्यांना आपलं म्हणणं मांडता येतं. हे मला वर्षभरापूर्वी ठाऊक नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये माझ्या हातातली कामं एकदाची संपली, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझ्या भाच्याचं प्रमाणपत्र तात्पुरतं होतं. त्याची मुदत संपल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही स्वावलंबन पोर्टलवर नव्याने अर्ज भरला. आता अर्ज तिथूनच करावा लागतो. तपासणीच्या तारखेची चौकशी करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "ताई, आता तीन महिन्यांची मुदत आहे. घाई करून उपयोग नाही." त्या काही चुकीचं सांगत नव्हत्या. प्रमाणपत्र हातात नसलं की एसटीची सवलत नाही, आणि संजय गांधी निराधार योजनेचे तेव्हाचे महिना १५०० रुपये नाहीत, कारण ते मंजुरीनंतरच सुरू होतात. आमच्या घरी तेवढ्यावर चूल अडत नव्हती. त्या बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या बऱ्याच जणांची अडत होती.

जानेवारीत मी मूळ नियम शोधायला बसले. आयुष्यभर पतसंस्थेत नोकरी केली, त्यामुळे परिपत्रकं वाचायची सवय होती. राजपत्र मात्र पहिल्यांदाच उघडलं. केंद्राचं राजपत्र ऑनलाइन फुकट मिळतं. त्यात मंत्रालयांनी केलेले सर्वसाधारण नियम 'भाग २, खंड ३, उपखंड (एक)' मध्ये येतात आणि प्रत्येकाला 'सा.का.नि.' असा क्रमांक असतो. हा क्रमांक आणि तारीख वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक कागदावर हाच क्रमांक लागतो, आणि तो घातला नाही तर तुमचं पत्र नुसती तक्रार ठरून भलत्याच टेबलावर जातं.

दुरुस्तीत तीन-चार गोष्टी होत्या. अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचे रंग ठरले: चाळीस टक्क्यांखाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि त्यावर निळं. त्यावर मला काही म्हणायचं नव्हतं. प्रमाणपत्राचा कालावधी एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेला होता, आणि दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होईल, अशीही तरतूद आली होती. म्हणजे निर्णय द्यायचा डॉक्टरांच्या मंडळाने, आणि तो दिला नाही तर पुन्हा खटपट करायची अर्जदाराने. मी हे वाक्य दोन-तीनदा वाचलं. मनाला पटेना.

खात्याची बाजू मला दिसत नव्हती असं नाही. हे नियम ज्याखाली होतात त्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, रक्ताचे आजार यांची तपासणी एका बैठकीत उरकत नाही, आणि तालुक्याला तज्ज्ञ डॉक्टर नाहीत. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या व्याख्येप्रमाणे. भार खरा आहे. पण ज्या माणसाचा पाय गुडघ्याखाली नाही त्याला बघायला तीन महिने कशाला लागतात? अवघड तपासण्यांसाठी वेगळी मुदत ठेवता आली असती. सगळ्यांचीच मुदत तिप्पट करणं मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

आता करायचं काय? मसुद्यावर हरकती देण्याचा काळ केव्हाच उलटला होता. मसुदे आधी प्रसिद्ध करून किमान ३० दिवस लोकांची मतं मागवावीत, असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. या कायद्यात तर पूर्वप्रसिद्धीची अट कलमातच आहे. ज्यांचे मसुदे अजून खुले आहेत त्यांनी तीच वेळ साधावी. तेव्हाचा एक ईमेल नंतरच्या दहा पत्रांचं काम करतो.

आमच्या गावातल्या एका वकील बाईंनी मला या कायद्याचं कलम १०० वाचायला सांगितलं. बहुतेक केंद्रीय कायद्यांच्या शेवटी असं एक कलम असतं आणि ते कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: केलेला प्रत्येक नियम शक्य तितक्या लवकर संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे, अधिवेशन चालू असताना, एकूण ३० दिवस ठेवायचा. हे ३० दिवस एका अधिवेशनात भरले तर ठीक, नाहीतर लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात. ते ज्या अधिवेशनात पूर्ण होतील, त्याच्या पुढचं अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहं मिळून नियम बदलू शकतात किंवा रद्द करू शकतात. त्यानंतर ही वाट बंद.

'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती? त्यावर लोकसभेच्या अधीनस्थ विधान समितीने, म्हणजे कायद्याखालचे नियम तपासणाऱ्या समितीने, दंडक घालून दिला आहे. अधिवेशन चालू असेल तर राजपत्रात आल्यापासून १५ दिवसांत, नसेल तर पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून १५ दिवसांत नियम पटलावर यावा, म्हणजे सभागृहापुढे ठेवला जावा. उशीर झाला तर मंत्र्यांनी कारणांचं निवेदनही ठेवायचं असतं. मात्र उशीर झाला म्हणून नियम आपोआप पडत नाही. पटलावर ठेवण्याची अशी अट मार्गदर्शक आहे, ती न पाळल्याने नियम अवैध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अॅटलस सायकल प्रकरणात म्हटलं. म्हणजे उशिराला नाव ठेवता येतं, पण त्याला शिक्षा नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मी आणि वकील बाई कॅलेंडर घेऊन बसलो. नियम आले ऑक्टोबरमध्ये, तेव्हा अधिवेशन नव्हतं. हिवाळी अधिवेशन २५ नोव्हेंबर ते २० डिसेंबर २०२४. त्यात पहिल्याच दिवशी नियम पटलावर आले असं धरलं तरी २६ दिवसांच्या वर काही भरत नाहीत. म्हणजे ३० दिवस पुरे होणार ३१ जानेवारी ते ४ एप्रिल २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात. आणि बदल करण्याची संधी त्याच्या पुढच्या, म्हणजे पावसाळी अधिवेशनाच्या शेवटापर्यंत. हिवाळी अधिवेशनात कागद कुठल्याही तारखेला ठेवला गेला तरी हिशेब तोच येत होता. तेव्हा पावसाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर व्हायच्या होत्या. पुढे ते २१ जुलैला सुरू होऊन २१ ऑगस्ट २०२५ ला संपलं. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की अजून वेळ आहे. इतके दिवस कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं.

तुम्ही तुमच्या नियमासाठी असा हिशेब मांडाल तेव्हा आधी कायद्याच्या शेवटाकडचं हे कलम शब्दशः बघा. काही कायद्यांत नियम नुसता पटलावर ठेवायचा असतो, बदलाची तरतूदच नसते. काही थोड्या कायद्यांत तर आधी मंजुरी लागते. रोज पटलावर काय ठेवलं गेलं ते लोकसभेच्या आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर त्या दिवसाच्या कार्यसूचीत मंत्रालयवार मिळतं. लोकसभेत हे कागद प्रश्नोत्तराच्या तासानंतर, बाराच्या सुमाराला ठेवले जातात आणि मिनिटभरात होऊन जातं.

मार्ग दोन दिसले. एक, खासदारांनी सभागृहात नियमात बदल सुचवणारा वैधानिक प्रस्ताव आणायचा. याला वर सांगितलेली मुदत लागू. दुसरा, अधीनस्थ विधान समितीला निवेदन द्यायचं. लोकसभेची ही समिती १५ सदस्यांची असते, त्यांना अध्यक्ष नेमतात आणि मंत्र्याला तिच्यात जागा नसते. राज्यसभेची स्वतंत्र आहे. समितीला अधिवेशनाच्या तारखा आडव्या येत नाहीत. ती नियम नंतरही तपासू शकते आणि सरकारला बदल सुचवू शकते. पण तिची शिफारस ही शिफारसच. म्हणून दोन्ही वाटांनी एकाच वेळी जायचं ठरवलं. एकीला धार आहे पण वेळ थोडा, दुसरीला वेळ आहे पण सक्ती नाही.

सभागृहातल्या वाटेने याआधी लोक गेले आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये आलेले मध्यस्थांविषयीचे (म्हणजे इंटरनेट सेवा आणि संकेतस्थळं चालवणाऱ्यांविषयीचे) नियम रद्द करावेत, असा प्रस्ताव केरळचे खासदार पी. राजीव यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत मांडला होता. तो फेटाळला गेला, पण त्यावर सविस्तर चर्चा झाली, मंत्र्यांना सगळ्यांशी बोलण्याचं आश्वासन द्यावं लागलं, आणि पुढे मार्च २०१३ मध्ये लोकसभेच्या समितीचा त्याच नियमांवर अहवाल आला. हे वाचून मला बळ आलं. हरलेल्या प्रस्तावानेही कागद हलतो.

याचिका समितीचाही विचार केला होता. लोकसभेला याचिका करता येते, पण ती ठरलेल्या नमुन्यात, हिंदी किंवा इंग्रजीत असावी लागते. मराठीत लिहिली तर सोबत सहीचा अनुवाद हवा. भाषा आदराची आणि संयत हवी, सोबत दुसरे कागद जोडता येत नाहीत, आणि ती सभागृहात सादर व्हायची तर खासदारांची प्रतिस्वाक्षरी लागते. अडचण अशी की ज्या गोष्टीवर कायद्यातच दाद मागायची सोय आहे, तिच्यावर याचिका चालत नाही. प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करायची सोय २०१६ च्या कायद्यात आहेच. आमचं म्हणणं एका प्रमाणपत्राविषयी नव्हतं, नियमाविषयी होतं. तरी कागद तेवढ्यावर अडकायला नको, म्हणून ती वाट सोडली.

निवेदन लिहायला महिना गेला. पहिला मसुदा चार पानांचा झाला आणि त्यात राग फार होता. वकील बाईंनी विचारलं, "यातलं समितीचं काम कुठलं?" समिती नियम कशाकशासाठी तपासते, ते लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत दिलेलं आहे: नियम मूळ कायद्याच्या हेतूशी जुळतो का, कायद्यातच असायला हवी अशी बाब नियमात घुसवली आहे का, कर बसवला आहे का, न्यायालयाचा अधिकार काढून घेतला आहे का, मागच्या तारखेपासून लागू केला आहे का, दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला आहे का, प्रसिद्ध करायला किंवा पटलावर ठेवायला अकारण उशीर झाला आहे का, अर्थ संदिग्ध आहे का. धोरण चांगलं की वाईट, यात ती सहसा शिरत नाही. म्हणून 'हे वाईट आहे' असं लिहून भागत नाही. यातल्या कुठल्या कसोटीवर नियम उतरत नाही ते सांगावं लागतं. आम्ही दोनच कसोट्या धरल्या: कायद्याच्या हेतूशी विसंगती, आणि अधिकाराचा अनपेक्षित वापर.

लिहिलेला मजकूर मी इथे टाकत नाहीये, आणि तुम्हीही टाकू नका. समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि तिचा अहवाल सभागृहापुढे येईपर्यंत ते गोपनीय मानतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरवण्याचा मोह होतो. आवरायचा. मांडणी मात्र सांगते. पहिल्या पानावर राजपत्राचा क्रमांक, तारीख, नियमाचा क्रमांक आणि जुना मजकूर व नवा मजकूर शेजारी-शेजारी. दुसऱ्यावर कसोट्या आणि त्यांची कारणं. तिसऱ्यावर आम्हाला नेमका कोणता बदल हवा ते, नियमाच्याच भाषेत लिहिलेलं. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं शेवटी लिहायची आपल्याला सवय असते. तिथे तेवढं पुरत नाही. कुठला शब्द काढून कुठला घालायचा ते सांगितलं तर वाचणाऱ्याचं काम सोपं होतं.

सोबत आम्ही अर्जांच्या तारखांचा तक्ता जोडला. ओळखीच्या कुटुंबांकडून अर्जाची तारीख, तपासणीची तारीख, प्रमाणपत्राची तारीख एवढंच घेतलं. नावं नाहीत, आजार नाहीत. हे गोळा करताना माझं मन फार जड झालं. एका आईने सांगितलं, मुलाला उचलून तीनदा नेलं, प्रत्येक वेळी तज्ज्ञ डॉक्टर आलेच नव्हते. तिच्याकडे एकाही फेरीचा कागद नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: गेलात आणि काम झालं नाही, तर तिथेच साध्या कागदावर 'आज अमुक कारणाने तपासणी झाली नाही' एवढं लिहून आवक शिक्का मागा. देतात. न दिला तर त्याच दिवशी पोर्टलवर तक्रार नोंदवा, म्हणजे तारीख तरी राहते.

भाचा माझ्या या उद्योगाकडे काळजीने बघायचा. "मावशी, दिल्लीला पत्र लिहिलंस म्हणून इथला डॉक्टर लवकर येणार आहे का?" त्याचा प्रश्न रास्त होता. "तुझ्यासाठी नाही येणार," मी म्हटलं, "तुझ्यानंतरच्यासाठी येईल का बघू." त्याचं प्रमाणपत्र मार्चच्या शेवटी आलं. कलम १०० मध्ये असंही आहे की नियम पुढे बदलला किंवा रद्द झाला, तरी आधी त्याखाली जे घडलं ते वैधच राहतं. म्हणजे ज्यांचे महिने गेले ते गेलेच. उशिराचं खरं मोल इथे कळतं.

निवेदन मराठीत लिहून हिंदीत करून घेतलं. गावातल्या हायस्कूलच्या हिंदीच्या निवृत्त बाईंनी ते फुकट करून दिलं आणि माझ्या वाक्यांतला तिखटपणाही कमी केला. लोकसभा आणि राज्यसभा, दोन्ही सचिवालयांच्या समिती शाखांना मार्चमध्ये रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं; ईमेलही केला. (त्यानंतर २०२५ मध्येच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्ट करताना पोचपावतीची सेवा वेगळी मागून घ्या.) टायपिंग, झेरॉक्स, टपाल आणि एसटीचं भाडं धरून सगळा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. वकील बाईंनी फी घेतली नाही. ती धरली असती तर हिशेब वेगळा झाला असता, हे मुद्दाम सांगते.

खासदारांना गाठायची वेळही अधिवेशनाच्या हिशेबानेच ठरते. अर्थसंकल्पी अधिवेशनात मध्ये सुट्टी असते. २०२५ मध्ये ती १४ फेब्रुवारी ते ९ मार्च अशी होती. त्या काळात खासदार मतदारसंघात असतात. आमच्या खासदारांच्या कार्यालयातला मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, लग्नाच्या तारखा सोडून या, म्हणजे साहेब निवांत भेटतील." तसंच केलं. नेताना एकाच पानाचं टिपण नेलं: नियम काय होता, काय झाला, मुदत कधी संपते, आमची मागणी काय. मुदत कधी संपते या ओळीवर ते थांबले. "हे कुणी काढून दिलं?" असं विचारलं. वैधानिक प्रस्तावाला एकट्या सदस्याला वेळ मिळणं कठीण असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावली नाही याचं मला बरं वाटलं. त्याऐवजी अतारांकित, म्हणजे लेखी उत्तर मिळणारा, प्रश्न टाकायचं आणि समितीला आमच्या निवेदनाच्या पाठिंब्याचं पत्र द्यायचं कबूल केलं.

अतारांकित प्रश्नाचं गणितही सांगते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि जास्त आल्या तर सोडत निघते. आमचा प्रश्न सोडतीत आला नाही. पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा टाकला, तेव्हाही नाही.

एप्रिलमध्ये पोचपावत्या परत आल्या. त्यानंतर मे गेला, जून गेला. हा काळ सगळ्यात कठीण. काही घडत नाही आणि काही करायलाही नसतं. मी दर महिन्याला एक छोटं स्मरणपत्र ईमेलने पाठवत राहिले, दोन ओळींचं, मूळ पत्राचा दिनांक आणि विषय तोच ठेवून. विषयाची ओळ बदलू नका. फाईल त्या ओळीवर सापडते.

पावसाळी अधिवेशन सुरू झालं तसं मी रोज दुपारी संसद टीव्ही लावून बसायला लागले. ते अधिवेशन गदारोळातच गेलं. लोकसभेत १२० तासांच्या चर्चेचं ठरलं होतं, झाली फक्त ३७ तास, असं अध्यक्षांनीच शेवटी सांगितलं. कुणाचं काय चुकलं यात मला पडायचं नाही. पण सभागृह तहकूब होतं तेव्हा फक्त मोठी विधेयकं अडकत नाहीत, आमच्यासारख्यांच्या छोट्या नियमाची शेवटची तारीखही त्यातच निघून जाते. २१ ऑगस्टला दुपारी सभागृह संस्थगित झालं आणि आमची एक वाट बंद झाली. त्या दिवशी मला रडू आलं. हरणार हे ठाऊक असूनही आलं.

दुसरी वाट उघडी होती. सप्टेंबरमध्ये एका सचिवालयातून पत्र आलं: निवेदन समितीच्या विचारार्थ नोंदवलं आहे. त्यावर फाईल क्रमांक होता. तो क्रमांक मिळणं ही खरी पायरी आहे. त्याच्या आधी तुम्ही पत्रलेखक असता, त्यानंतर तुमच्या नावाचं प्रकरण असतं. पुढे आणखी माहिती मागणारं पत्र आलं, तेव्हा तारखांचा तक्ता नव्या अर्जांसह अद्ययावत करून हिवाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आत पाठवला. डिसेंबरात त्याची पोच आली. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते, लागलं तर अधिकाऱ्यांना बोलावते, आणि मग अहवाल सभागृहापुढे ठेवते. यात आता माझ्याकडून करायचं काही उरलेलं नाही.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. आमच्या बाबतीत नियम झटपट बदलला. पुष्कळ कायद्यांत नियमच होत नाहीत. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम करावेत, नाहीतर अधीनस्थ विधान समितीकडून मुदतवाढ मागावी, असा संसदीय कामकाजाच्या पुस्तिकेतला संकेत आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला. वारंवार मुदतवाढ घेत त्याचे नियम आले ११ मार्च २०२४ ला. १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्याचं तर २०१६ ची दुरुस्ती येईपर्यंत मालमत्ता ताब्यात घ्यायचे नियमच झाले नव्हते. कायदा पुस्तकात, आणि माणूस खिडकीवर. तुमचं काम 'नियम अजून आले नाहीत' म्हणून अडलं असेल, तर त्याच समितीला तसंही लिहिता येतं: अमुक कायदा, अमुक कलम, लागू झाल्याचा दिनांक, आणि आजवर नियम नाहीत.

राज्याचे नियम असतील तर दिल्लीला लिहू नका. आपल्या विधानमंडळाची असंच काम करणारी उपविधान समिती आहे, पत्ता विधान भवन, मुंबई. तिथे मराठीतच लिहायचं, अनुवादाची गरज नाही. अधिवेशनं तीन, त्यातलं हिवाळी नागपूरला. मुदतीचा हिशेब त्या त्या कायद्याच्या शेवटाकडच्या तशाच कलमावरून तसाच मांडायचा.

आता एक तातडीचं. हे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत आणि दोन वर्षं निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होतो. ज्यांचे अर्ज २०२४ च्या अखेरीपासून पडून आहेत त्यांची दोन वर्षं २०२६ मध्येच भरतील. पोर्टलवर आपल्या अर्जाची स्थिती आजच बघा, पानाची प्रिंट काढून तारखेसह जपून ठेवा, आणि तपासणीची तारीख मागणारं पत्र रुग्णालयाच्या मंडळाला लेखी द्या, आवक शिक्क्यासह. अर्ज निष्क्रिय झालेलाच असेल तर नव्याने भरण्याआधी तो पुन्हा सक्रिय करावा अशी विनंती करा, म्हणजे जुन्या अर्जाची तारीख दाखवायला राहील.